दोन नियमावल्यांचा खेळ : एलिझाबेथ मॅगी

'व्यापार' हा खेळ ठाऊक नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात शोधूनही सापडणार नाही. मे महिन्याच्या सुट्टीत ऊन उतरेपर्यंत घरोघरी हा पट मांडला जातो आणि मुंबई कोणाच्या वाट्याला गेली यावरून सख्ख्या भावंडांत अबोला धरला जातो. मी मात्र या खेळापेक्षा खेळणाऱ्यांकडेच अधिक पाहत आलो आहे. एकाच पटाभोवती बसलेली माणसे किती निरनिराळ्या कारणांसाठी खेळत असतात! एकजण समोर येईल ते शहर विकत घेत सुटतो. दुसरा नोटा रंगांप्रमाणे लावून मांडीखाली ठेवतो आणि खर्चाचे नाव काढत नाही. तिसऱ्याला खेळण्यापेक्षा बँक सांभाळण्यातच गोडी. चौथा जणू नियमांवर वाद घालण्यासाठीच जन्माला आलेला. आणि एखादी धाकटी बहीण असते, तिला जिंकायचे नसतेच. तिला फक्त सर्वांच्या बरोबर बसायचे असते.

इतक्या परस्परविरुद्ध स्वभावांच्या माणसांना तीन-तीन तास एका जागी बसवून ठेवणे ही सामान्य गोष्ट नव्हे. 'व्यापार' हे अमेरिकेतील 'मोनोपॉली' या खेळाचे आपल्याकडील रूप, एवढे बहुतेकांस माहीत असते. मोनोपॉलीचा जनक म्हणून चार्ल्स डॅरो या बेकार विक्रेत्याचे नाव अनेक वर्षे सांगितले गेले. परंतु खेळाचा उगम शोधत मागे गेले की आपण एका स्त्रीच्या दाराशी येऊन थांबतो. एलिझाबेथ मॅगी हे तिचे नाव. तिच्या माणसांत ती लिझी. या मॅगीबाईंची ओळख करून द्यावी, आणि त्यांनी हा खेळ कसा व कशासाठी रचला ते सांगावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घर आणि संस्कार

मॅगीबाईंचा जन्म ९ मे १८६६ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मकोम या गावी झाला. यादवी युद्ध संपून जेमतेम वर्ष झाले होते. वडील जेम्स मॅगी हे वृत्तपत्र चालवीत. गुलामगिरीचे ते कट्टर विरोधक. १८५८ साली लिंकन आणि डग्लस यांच्यात जे प्रसिद्ध वादविवाद झाले, त्या वेळी ते लिंकनबरोबर इलिनॉयभर हिंडले होते. अशा घरात वाढलेल्या मुलीला राजकारण ही पुरुषांची मक्तेदारी वाटली नाही, यात नवल नाही.

वडिलांनी लेकीच्या हाती एक पुस्तक दिले आणि त्या पुस्तकाने तिचे आयुष्य वळवले. हेन्री जॉर्ज यांचे १८७९ साली प्रसिद्ध झालेले 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' हे ते पुस्तक. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत परिचित आहे. हेन्री जॉर्ज त्याच वाटेने पुढे गेले. माणसाने स्वतःच्या श्रमाने जे निर्माण केले ते त्याचे. पण जमीन कोणी निर्माण केलेली नाही. शहर वाढले, रस्ता आला, रेल्वे आली की जमिनीची किंमत वाढते, ती साऱ्या समाजाच्या कष्टांमुळे. मालक मात्र हात बांधून बसून ती वाढ खिशात घालतो. म्हणून इतर सारे कर रद्द करून केवळ जमिनीच्या मूल्यावर एकच कर बसवावा आणि ते उत्पन्न सर्वांच्या कामी यावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा विचार त्या काळी वाऱ्यासारखा पसरला. रशियात टॉलस्टॉय त्याचे चाहते झाले. १८८६ साली न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या निवडणुकीत हेन्री जॉर्ज दुसरे आले आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट त्यांच्या मागे पडले.

मॅगीबाई मोठ्या झाल्या आणि वॉशिंग्टन परिसरात लघुलेखिका म्हणून नोकरी करू लागल्या. टपाल खात्याच्या बेवारस पत्रांच्या कचेरीत त्या काम करीत. एवढ्यावर त्यांचे समाधान होणार नव्हते. त्यांनी कविता लिहिल्या, १८९२ साली त्यांचा संग्रह निघाला, कथा लिहिल्या, रंगमंचावर विनोदी भूमिका केल्या. १८९३ साली टंकलेखन यंत्रातून कागद सहजपणे सरकावा यासाठी त्यांनी एक सुधारणा शोधली आणि तिचे पेटंट मिळवले. त्या वेळी अमेरिकेत स्त्रियांच्या नावावर असलेली पेटंटे शेकडा एकही नव्हती, आणि राष्ट्रीय पातळीवर मतदानाचा हक्क तर स्त्रियांना १९२० साली मिळाला, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते. त्यांनी लग्नाची घाई केली नाही. स्वतःच्या कमाईतून घर घेतले. संध्याकाळी नोकरीवरून परत आल्यावर त्या हेन्री जॉर्ज यांचे विचार शिकवीत. परंतु वर्गात येऊन बसणार किती आणि ऐकून घेणार किती? जे आधीच पटलेले असतात तेच व्याख्यानाला येतात, हा अनुभव आपल्या वाङ्मय मंडळालाही आहे. मग त्यांनी निराळा मार्ग धरला. व्याख्यानाऐवजी पट मांडावा असे त्यांनी ठरवले.

पटाची रचना

१९०२ साली 'सिंगल टॅक्स रिव्ह्यू' या नियतकालिकातून त्यांनी आपल्या खेळाची माहिती दिली. मार्च १९०३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि ५ जानेवारी १९०४ रोजी ते मंजूर झाले. खेळाचे नाव 'द लँडलॉर्ड्स गेम', म्हणजे जमीनदाराचा खेळ.

या रचनेत नवे काय होते ते नीट पाहण्यासारखे आहे. तोवरचे बहुतेक पटावरचे खेळ शर्यतीचे. आपल्याकडे परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जाणारा मोक्षपट घ्या, किंवा अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली यांनी १८६० साली काढलेला आयुष्याचा खेळ घ्या. एका टोकाला जन्म, दुसऱ्या टोकाला मोक्ष नाही तर सुखी म्हातारपण. जो आधी पोहोचला तो जिंकला. मॅगीबाईंच्या पटाला शेवटचे घर नाही. चौकोनाच्या चार बाजू, प्रत्येक बाजूस नऊ घरे आणि चार कोपरे, आणि सोंगटी फिरतच राहते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पटावरचे घर विकत घेता येते. एकदा ते माझे झाले की माझी सोंगटी कुठेही असो, दुसऱ्याने तिथे पाऊल टाकले की त्याने मला खंड द्यावयाचा. सोंगटी आणि मालकी या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. त्यामुळे दुसऱ्याचे दान पडत असतानाही माझे लक्ष पटावरच खिळलेले राहते. एकाच्या डावात बाकीच्यांनी जांभया द्याव्यात, हा शर्यतीच्या खेळांतील दोष इथे उरला नाही.

कोपऱ्यांची योजनाही अर्थपूर्ण होती. एका कोपऱ्यात धरणीमाता. पटाची एक फेरी म्हणजे तिच्या अंगावर केलेले श्रम. म्हणून तो कोपरा ओलांडला की शंभर डॉलर मजुरी. दुसऱ्या कोपऱ्यात सार्वजनिक बाग आणि तिला लागूनच कफल्लकांसाठी अनाथालय. तिसरा कोपरा तुरुंगाचा. चौथ्यावर एका परदेशी उमरावाची जमीन. तिच्यावर पाय पडला की अतिक्रमणाच्या गुन्ह्याखाली थेट तुरुंगात रवानगी. प्रत्येक बाजूवर एक रेल्वे. मधूनमधून अन्न, वस्त्र, कोळसा अशा जीवनावश्यक वस्तूंची घरे, तिथे पैसे भरावेच लागत. दिव्यांच्या कंपनीला त्यांनी असे नाव दिले होते की उच्चार करताच ग्राहकाला लुबाडण्याचा अर्थ निघावा. विनोदी नटीचा हात असा अधूनमधून दिसतो. आपल्या 'व्यापारा'तील चार कोपरे आठवून पाहा : आरंभ, जेल, क्लब आणि रेस्ट हाउस. त्यांतला जेल तर तसाच राहिला आहे.

निरनिराळ्या वृत्तीच्या खेळाडूंचा विचार त्यांनी केला होता काय? माझे उत्तर होकारार्थी आहे, आणि त्याचा पुरावा पटातच आहे. फासे असल्यामुळे धाकट्या बहिणीलाही जिंकण्याची आशा असते. खरेदी करावी की पैसा राखावा हा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा असल्यामुळे हिशेबी माणसाला डोके चालवता येते. सौदे करता येत असल्यामुळे बोलघेवड्याला वाव मिळतो. बँक आणि सरकारी तिजोरी असल्यामुळे कारभाऱ्याला काम मिळते. नशीब, हिशेब, बोलणे आणि कारभार या चारही दारांतून खेळात शिरता येते.

पण मॅगीबाईंचा खरा डाव पुढेच आहे. या एका पटासाठी त्यांनी पुढे नियमांचे दोन संच केले. पहिल्या नियमांनी मक्तेदारीचा खेळ होतो : जमिनी घ्या, खंड वाढवा, इतरांना कंगाल करा, शेवटी उरेल तो विजयी. दुसऱ्या नियमांनी समृद्धीचा खेळ होतो. जमिनीचा खंड मालकाकडे न जाता सार्वजनिक तिजोरीत जातो आणि कोणी नवी मिळकत केली तर तिचा फायदा सर्वांना पोहोचतो. ज्याने सर्वांत कमी पैशांनी सुरुवात केली त्याचे पैसे दुप्पट झाले की खेळ संपतो आणि सारेच जिंकतात. पट तोच, फासे तेच, माणसे तीच. नियम तेवढे बदललेले. मुलांनी दोन्ही प्रकारांनी खेळावे, त्यातील अन्याय त्यांना लहानपणीच उमगावा आणि मोठेपणी त्यांनी तो मुकाट्याने सोसू नये, अशी त्यांची अपेक्षा होती.

हातोहात पसरलेला पट

१९०६ साली न्यूयॉर्कच्या 'इकॉनॉमिक गेम कंपनी'ने हा खेळ बाजारात आणला. त्याच वर्षी मॅगीबाईंनी एक खळबळजनक गोष्ट केली. त्या शिकागोत राहत होत्या. आठवड्याला दहा डॉलर मिळकत, तीत पोट भरणे कठीण. त्यांनी वृत्तपत्रात चक्क जाहिरात दिली आणि एक तरुण अमेरिकन गुलाम स्त्री म्हणून स्वतःला लिलावात काढले. देशभर गवगवा झाला. एकट्या कमावत्या स्त्रीला लग्नावाचून दुसरा आधार समाजाने ठेवलेला नाही, हे त्यांना या उपरोधातून दाखवायचे होते. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या बापाच्या लेकीने निवडलेले हे रूपक अपघाताने सुचलेले नाही. या प्रकरणानंतर त्यांना वृत्तपत्रात वार्ताहराची नोकरी मिळाली. १९१० साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी अल्बर्ट फिलिप्स यांच्याशी विवाह केला. त्याच वर्षी 'मॉक ट्रायल' हा त्यांचा दुसरा खेळ पार्कर ब्रदर्स या प्रख्यात कंपनीने प्रसिद्ध केला. जमीनदाराचा खेळ मात्र त्या कंपनीने तेव्हा घेतला नाही.

छापील खेळाचा खप बेताचाच राहिला. पण खेळ मेला नाही. डेलावेअर राज्यात आर्डेन नावाची वसाहत होती, ती हेन्री जॉर्ज यांच्या तत्त्वांवरच १९०० साली उभारलेली. तेथे तो रुजला. अर्थशास्त्राचे प्राध्यापक स्कॉट निअरिंग यांनी तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत नेला. विद्यार्थी मेणकापडावर हाताने पट रेखाटत, त्यावर आपल्या गावचे रस्ते लिहीत आणि सुट्टीत घरी नेत. असा हा खेळ पूर्व किनाऱ्यावर महाविद्यालयांतून महाविद्यालयांत आणि ओळखीतून ओळखीत गेला. अटलांटिक सिटीतील क्वेकर पंथाच्या शिक्षकमंडळींनी त्यावर आपल्या शहरातील रस्ते घातले. मोनोपॉलीत आजही तेच आहेत. लोककथेला जसा कर्ता उरत नाही तसे या खेळाचे झाले. जो तो त्यात भर घालीत होता आणि मॅगीबाईंचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते.

या प्रवासात आणखी एक गोष्ट गळून पडली, ती म्हणजे दुसरी नियमावली. हस्तलिखित पटांबरोबर मक्तेदारीचेच नियम फिरत राहिले. पहिले पेटंट १९२१ साली संपले होते; मॅगीबाईंनी पटात सुधारणा करून १९२४ साली दुसरे पेटंट घेतले, परंतु लोकांच्या हातांतील खेळ त्यांच्या हातून केव्हाच निसटला होता.

पाचशे डॉलर

महामंदीच्या काळात, १९३२ च्या सुमारास, फिलाडेल्फियाच्या चार्ल्स डॅरो यांना एका स्नेह्याने घरी बोलावून हा खेळ शिकवला. डॅरो यांची नोकरी गेली होती. त्यांनी नियम लिहून मागितले, पट करून विकायला आरंभ केला आणि १९३५ साली आपलीच निर्मिती म्हणून तो पार्कर ब्रदर्सला विकला. त्या स्नेह्याच्या पटावरील एका वस्तीच्या नावातील स्पेलिंगची चूकदेखील डॅरो यांच्या पटावर जशीच्या तशी उतरली होती. खेळ अफाट खपला आणि डॅरो लक्षाधीश झाले.

कंपनीला पेटंटांची चिंता होती. नोव्हेंबर १९३५ मध्ये कंपनीचे संस्थापक जॉर्ज पार्कर स्वतः व्हर्जिनियातील आर्लिंग्टन येथे मॅगीबाईंच्या घरी आले. त्या वेळी बाई एकोणसत्तर वर्षांच्या होत्या. पाचशे डॉलरांस पेटंट विकत घेतले गेले. खपावरील मानधन काही नाही. जमीनदाराचा खेळ आणि त्यांचे आणखी दोन खेळ काढण्याचे आश्वासन मात्र मिळाले. पैशांपेक्षा आपला विचार आता देशभर पोहोचेल याचाच त्यांना आनंद झाला. हा आनंद फार दिवस टिकला नाही. डॅरो यांची कीर्ती वर्तमानपत्रांतून वाचल्यावर जानेवारी १९३६ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनच्या वार्ताहरांना घरी बोलावले आणि आपले जुने पट हातांत धरून छायाचित्रे काढू दिली. बातम्या आल्या आणि विरूनही गेल्या. कंपनीने आश्वासन अक्षरशः पाळले. १९३९ साली 'द लँडलॉर्ड्स गेम' काढलाही. पण तो कोणाच्या लक्षात राहिला नाही. १९४० च्या जनगणनेत मॅगीबाईंनी आपला व्यवसाय खेळ तयार करणे असा नोंदवला, आणि त्यापासूनचे उत्पन्न शून्य. १९४८ साली त्या वारल्या.

सत्य उजेडात आले ते एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकामुळे. सॅन फ्रान्सिस्को येथील राल्फ अँस्पॅक यांनी १९७३ साली 'अँटी-मोनोपॉली' नावाचा खेळ काढला. नावावरून कंपनीशी खटला जुंपला. स्वतःचा बचाव करताना जुने दस्तऐवज धुंडाळीत ते मॅगीबाईंच्या पेटंटापर्यंत पोहोचले. त्यांच्या खेळाच्या हजारो प्रती १९७७ साली मिनेसोटात जमिनीत गाडल्या गेल्या, तरी ते मागे हटले नाहीत. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूचा निकाल कायम राहू दिला. पुढे २०१५ साली मेरी पिलन यांच्या 'द मोनोपोलिस्ट्स' या पुस्तकाने हा सारा इतिहास सामान्य वाचकांपुढे मांडला.

दुसरी नियमावली का हरली?

मॅगीबाईंवर अन्याय झाला हे उघड आहे. त्याची हळहळ व्यक्त करून लेख संपवता आला असता; परंतु मला त्याहून एक अवघड प्रश्न सतावतो. डॅरो आणि कंपनी यांनी नाव हिरावले हे खरे, पण दुसरी नियमावली त्यांनी हिरावली नाही. ती खेळणाऱ्यांनीच टाकून दिली, आणि तीही हेन्री जॉर्ज यांना मानणाऱ्या सुविद्य खेळणाऱ्यांनी! असे का व्हावे?

वसतिगृहात आम्ही सहाजणांनी 'व्यापारा'च्या पटावर हा प्रयोग करून पाहिला. शहरांचे भाडे मध्यभागी ठेवलेल्या एका डब्यात टाकायचे आणि प्रत्येक फेरीनंतर ते सर्वांत वाटायचे, असा साधा नियम केला. पहिला अर्धा तास सारे खुशीत होते. मग जो एरवी शहरे घेत सुटतो तो कंटाळला. घेऊन करायचे काय, असे त्याला वाटू लागले. नियमांवर वाद घालणारा गप्प झाला, कारण भांडण्यासारखे काही उरले नाही. उलट, जे दोघे एरवी तासाभरात दिवाळखोर होऊन अंथरुणावर जाऊन पडतात, ते शेवटपर्यंत पटापाशी होते, आणि त्यांच्या गप्पांना त्या रात्री खरा रंग चढला. यावरून मी एवढेच म्हणेन की मक्तेदारीचा खेळ जिंकणाऱ्याला बांधून ठेवतो आणि हरणाऱ्याला बाहेर घालवतो. समृद्धीचा खेळ नेमके उलटे करतो. आणि पुढच्या वेळी कोणता खेळ मांडायचा हे ठरवतो कोण? जो जिंकलेला असतो तोच आग्रहाने पट पुन्हा काढतो. हरलेले तोवर उठून गेलेले असतात.

मॅगीबाईंची हीच खरी शोकांतिका असे मला वाटते. अन्याय दाखवण्यासाठी त्यांनी जो खेळ रचला तो इतका रंगतदार झाला की लोकांना अन्यायाचीच गोडी लागली. तरीही त्यांचा प्रयत्न वाया गेला असे मी मानणार नाही. जो माणूस दोन्ही नियमांनी एकदा तरी खेळला आहे, त्याला एक गोष्ट विसरता येत नाही : नियम पटावर छापून आलेले नसतात, ते बसून ठरवलेले असतात. शहरातील जागांचे भाव, खोल्यांची भाडी आणि गावाकडच्या जमिनींचे व्यवहार यांकडे तो निराळ्या नजरेने पाहू लागतो.

आपल्या जिमखान्यात कॅरम आहे, बुद्धिबळ आहे. अर्थशास्त्र मंडळाने पुढील वर्षी एक 'व्यापारा'चा पट घ्यावा, त्याच्या झाकणावर दोन्ही नियमावल्या चिकटवाव्यात आणि खाली एलिझाबेथ मॅगी यांचे नाव लिहावे, अशी माझी विनंती आहे. खर्च फारसा नाही, आणि पहिला डाव मांडायला आम्ही सहाजण तयार आहोत.

— तृतीय वर्ष, कला (अर्थशास्त्र)